जे आपल्या गावात चालत नाही

परदेशातल्या अपंग मुलांच्या सेवेसाठी आठ-दहा दिवस जाणाऱ्या चर्चच्या तुकड्यांबद्दल कुणी शंका काढली की उत्तर तयार असतं: घरी बसून नावं ठेवणाऱ्यांपेक्षा जाणारे बरे. हे उत्तर देणारे इतक्या मनापासून देतात की त्याचा समाचार घ्यायला सहसा कुणी धजत नाही. मंडळीत तर नाहीच. प्रार्थना करून, पैसे जमवून, सुट्टी खर्चून निघालेल्या वीस वर्षांच्या पोराला ‘थांब’ म्हणायला जीभ रेटत नाही. माझं म्हणणं, रेटली पाहिजे. निदान त्याला पाठवणाऱ्या मोठ्या माणसांना तरी चार गोष्टी सुनावल्या पाहिजेत.

आपल्याकडे मिशनरी म्हटलं की वाद लगेच धर्मांतरावर घसरतो. तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा, माझा विषय तो नाही. मी स्वतः चर्चच्या बाकावर बसणारा माणूस आहे. जाणाऱ्यांची श्रद्धा मला खोटी वाटत नाही, हेतूही वाटत नाही. मला खोटी वाटते ती त्यांची तयारी.

ती कशी चालते ते पाहा. अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या चर्चमधून जमैका, ग्वाटेमाला, डॉमिनिकन रिपब्लिक किंवा रुमेनियातल्या अपंग मुलांच्या संस्थेत पंधरा-वीस जण निघायचे असतात. सहा महिने आधी नातेवाइकांना मदतीची पत्रं जातात. शनिवारी चर्चच्या आवारात गाड्या धुऊन आणि केक विकून पैसे उभे केले जातात. पासपोर्ट, टायफॉइडची लस, प्रवासाचा विमा, काही झालं तर चर्च जबाबदार नाही अशा कागदावर सह्या. एकाच रंगाचे टी-शर्ट छापले जातात, पाठीवर वचन. बॅगांत फुगे, रंगीत खडू, हातमोज्यांच्या बाहुल्या, हस्तकलेचं सामान. गाण्यांची आणि छोट्या नाटुकलीची तालीम होते. निघण्याआधीच्या रविवारी सगळ्यांना पुढे बोलावून पाळक डोक्यावर हात ठेवतात आणि मंडळी त्यांची पाठवणी करते. परत आल्यावर साक्ष.

या यादीतली प्रत्येक गोष्ट जाणाऱ्यासाठी आहे. ज्या मुलासाठी जायचं त्याला काय झालंय, तो काय खातो, कसा बसतो, कोणतं औषध घेतो, त्याला सांभाळणाऱ्या बाईचं नाव काय, यांतली एकही ओळ तिथे नाही. आणि हा प्रकार चार-दोन हौशी चर्चपुरता नाही. अमेरिकेतून दरवर्षी अशा छोट्या मिशन ट्रिपवर परदेशी जाणाऱ्यांचा आकडा समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात सुमारे 16 लाख धरला होता. सगळे अपंग मुलांकडे जातात असं नाही. कुणी घरं बांधतं, कुणी दवाखाने भरवतं. पण भिंत वाकडी बांधली तर ती पाडून पुन्हा बांधता येते.

यावर पहिला प्रतिवाद येतो तो असा: आम्ही डॉक्टर म्हणून जात नाही, प्रेम करायला जातो, आणि प्रेमाला प्रशिक्षण लागत नाही. ज्याला देव पाचारण करतो त्याला तो सज्जही करतो. मंडळीत हे वाक्य टाळ्या घेतं. ते वाक्य घेऊन जरा त्या संस्थेच्या जेवणघरात जाऊ.

सेरेब्रल पाल्सी असलेली सहा-सात वर्षांची मुलगी आहे. मान धरत नाही, डोकं मागे पडतं, जीभ घास बाहेर ढकलते. तिला भरवायचं तर आधी तिला सरळ बसवावं लागतं, कमरेला आणि पायांना आधार द्यावा लागतो, मान किंचित पुढे ठेवावी लागते, चमचा समोरून आणि खालच्या बाजूने न्यावा लागतो, आणि एक घास गिळला गेल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो. एका वाटीला अर्धा-पाऊण तास जातो. हे ठाऊक नसलेली प्रेमळ व्यक्ती काय करते? तिला मांडीवर आडवी घेते, डोकं दंडावर टेकवते, तान्ह्या बाळाला घ्यावं तसं, आणि पातळ खीर वरून तोंडात सोडते. खीर अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. कधी जोराचा ठसका लागतो आणि सगळे घाबरतात, ते त्यातल्या त्यात बरं. कारण अनेक मुलांची खोकून बाहेर टाकण्याची क्षमताच मंद असते. त्यांना ठसका लागत नाही, कुणाला काही कळत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढतो. छातीत न्यूमोनिया झालेला असतो. तोवर भरवणारी मुलगी मायदेशीच्या विमानात बसून डायरीत लिहीत असते की आज तिने माझ्या हातून पूर्ण वाटी संपवली.

ती खोटं लिहीत नाही. तिला कळायचा मार्गच नाही. आठ दिवसांच्या सेवेतली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे: केलेल्या चुकीचं फळ दिसण्याआधी चूक करणारा निघून गेलेला असतो, म्हणून पुढच्या वर्षीची तुकडी तीच चूक तितक्याच आनंदाने करते.

फुग्यांचंही तसंच. स्पायना बायफिडा असलेल्या मुलांवर जन्मल्यापासून शस्त्रक्रिया होतात, लघवीसाठी नळी वापरावी लागते, रबराच्या हातमोज्यांशी आणि नळ्यांशी सतत संबंध येतो. या मुलांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी इतर मुलांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते, आणि ती कधी कधी जिवावर बेतते. फुगा लॅटेक्सचाच असतो. त्यांना उचलायचं म्हटलं तरी तेच. कधीही उभं न राहिलेल्या मुलांची हाडं ठिसूळ झालेली असतात, आकडीच्या काही औषधांनी ती आणखी ठिसूळ होतात. दोन्ही दंडांना धरून ओढून उचललं किंवा डायपर बदलताना ताठ झालेला पाय जोराने फाकवला तर मांडीचं हाड मोडू शकतं. बोलता न येणारं मूल रडतं, आणि नवख्या माणसाला वाटतं की त्याला अनोळखी लोकांची भीती वाटते.

व्हीलचेअरवर तर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. चर्चच्या तळघरात जमवलेल्या जुन्या खुर्च्या कंटेनरमध्ये भरून पाठवणं हे मिशन ट्रिपचं फार लाडकं काम, कारण त्याचा फोटो उत्तम येतो. मोठ्या माणसाच्या मापाच्या खुर्चीत आठ वर्षांचं मूल बसवलं की ते एका बाजूला कलतं, आणि वर्षभर तसंच कललेलं राहिलं की पाठीचा कणा त्याच बाजूला वाकतो. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला कडक बैठकीवर बसवलं तर जखमा होतात, आणि त्या जखमा चिघळून मुलं दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये कमी साधनं असलेल्या भागांसाठी व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. व्हीलचेअर देणं म्हणजे खुर्ची हातात देणं नव्हे, असा त्यांचा रोख आहे. माणसाची तपासणी, मापं, जुळवणी, वापरणाऱ्याला आणि घरच्यांना शिकवणं, दुरुस्ती आणि पुन्हा पुन्हा पाहणी, हे सगळं मिळून ती सेवा होते. अमेरिकन खुर्चीचं बेअरिंग गेलं तर ते ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या गावात मिळतं का, हा प्रश्न किती तुकड्या निघण्याआधी विचारतात?

आता माझा मुख्य मुद्दा. ही पंधरा-वीस माणसं ज्या गावातून निघतात त्याच गावात, बहुधा चर्चपासून गाडीने पंधरा मिनिटांवर, अपंग मुलांची एखादी शाळा किंवा केंद्र असतं. तिथे हायस्कूलच्या मुलांचा घोळका टी-शर्ट घालून गेला आणि ‘आम्ही आठवडाभर तुमच्या मुलांना भरवतो, आंघोळ घालतो, त्यांच्याबरोबर फोटो काढतो’ म्हणाला, तर काय होईल? दारातूनच परत पाठवतील. पोलिसांकडून पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण, पालकांची लेखी संमती, छायाचित्रांना मनाई, आणि थेरपी द्यायची तर सरकारी परवाना, हे सगळं त्यांना आधी मागतील. कुणालाही त्यात प्रेमाचा अपमान झाला असं वाटणार नाही. उलट आपलं मूल तिथे असलेला प्रत्येक बाप म्हणेल की असंच हवं. मग समुद्र ओलांडला की तेच मूल कमी किमतीचं कसं होतं? आपल्या गावात ज्याला हात लावू दिला नसता त्याला परदेशात हात लावायचा परवाना गरिबीने दिला आहे. धर्माने नव्हे. ज्या संस्थेला आपल्या डॉलरची गरज आहे ती आपल्याला ‘नाही’ म्हणू शकत नाही, इतकाच त्या परवान्याचा अर्थ.

पार्श्वभूमीच्या तपासणीची गोष्ट मी उगाच काढत नाही. अपंग मुलांवरच्या अत्याचारांचा जगभरच्या अभ्यासांवरून घेतलेला आढावा 2012 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत 3.7 पट आढळली. बोलता येत नाही, पळता येत नाही, सांगितलं तरी कुणी मानत नाही. अशा मुलांच्या खोलीत दर आठवड्याला नवी अनोळखी माणसं सोडायची, आणि त्यांची एकमेव ओळख काय, तर ती चर्चमधून आली आहेत. चर्चच्या चार भिंतींआड मुलांचं काय काय झालं याचे चौकशी अहवाल आयर्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रसिद्ध झालेले आहेत. एवढं सगळं बाहेर आल्यावर ही ओळख पुरेशी मानणं मला भाबडेपणा वाटत नाही, बेपर्वाई वाटते.

दुसरा प्रतिवाद जास्त हळवा आहे: त्या मुलांना कुणीच नाही, आम्ही गेलो नाही तर त्यांना जवळ कोण घेणार?

कुणीच नाही हे बहुतेक वेळा खरं नसतं. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने 2009 मध्येच दाखवून दिलं होतं की संस्थांमध्ये राहणाऱ्या दर पाचांतल्या किमान चार मुलांची आई किंवा वडील, किंवा दोघंही, हयात असतात. हैतीत ‘लुमोस’ या संस्थेने 2017 मध्ये पाहणी केली. सुमारे 750 अनाथालयं, त्यांत 30,000च्या आसपास मुलं, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांचे आईवडील जिवंत. यांतल्या साधारण एक तृतीयांश अनाथालयांनाच परदेशातून वर्षाला किमान 7 कोटी डॉलर मिळत होते, आणि देणाऱ्यांत धार्मिक संस्था आणि चर्च आघाडीवर. त्याच देशात 2010च्या भूकंपानंतर दहा अमेरिकन बाप्टिस्ट मंडळी 33 मुलांना बसमध्ये घालून डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर पोहोचली होती. अनाथांना वाचवतोय असं त्यांचं म्हणणं. अटक झाल्यावर निघालं की बहुतेक मुलांचे आईवडील होते.

अपंग मुलाच्या बाबतीत हे आणखी क्रूर होतं. आईवडील त्याला संस्थेत सोडतात ते त्यांना तो नकोसा झाला म्हणूनच असं नाही. गावात आकडीचं औषध मिळत नाही, शाळा घेत नाही, दिवसभर कामाला जायचं तर त्याला पाहणारं कुणी नाही, आणि तिकडे संस्थेत परदेशी लोक येतात, डॉक्टर येतात, दूध मिळतं असं ऐकलेलं असतं. ज्या संस्थेकडे पाहुणे येतात तिच्याकडे पैसे येतात. पैसे आले की खाटा वाढतात, आणि खाटा वाढल्या की त्या भरणारी मुलंही सापडतात. तुमची ट्रिप ही त्या खाटांची जाहिरात असते. तेच डॉलर आईच्या गावी औषधं आणि आठवड्यातून दोन दिवसांचं पाळणाघर देऊ शकले असते. पण आईच्या झोपडीत वीस माणसांचा तंबू पडत नाही आणि तिथे बाहुल्यांचं नाटुकलं होत नाही.

इथे अमेरिकन मंडळींना त्यांच्याच इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रुक नावाची मतिमंद मुलांची सरकारी संस्था होती. 1972 मध्ये टीव्हीचा कॅमेरा आत गेला आणि उघडी, घाणीत बसलेली, एकमेकांना बिलगलेली मुलं देशाने जेवणाच्या टेबलावर बसून पाहिली. खटला झाला, वर्षं गेली, आणि 1987 मध्ये ती बंद झाली. अपंग मुलांना मोठ्या संस्थांमध्ये ठेवणं चूक आहे हा निष्कर्ष त्या समाजाने स्वतःच्या मुलांपुरता काढला. आता त्याच समाजातली देवभीरू माणसं वर्गणी काढून दुसऱ्यांच्या देशात तशाच संस्था उभ्या ठेवतात, आणि वर्षातून एकदा तिथे रंग मारायला जातात.

जवळ कोण घेणार, या प्रश्नाचं उत्तर रुमेनियाने दिलेलं आहे. चाउशेस्कूची राजवट 1989 मध्ये कोसळल्यावर तिथली अनाथालयं जगाने पाहिली. 2000 पासून बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी 136 बाळांचा अभ्यास केला. निम्मी बाळं कुटुंबांत वाढली, बाकीची संस्थेच्या व्यवस्थेतच राहिली. कुटुंबात, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची बुद्धी, भाषा, माणसांशी नातं जोडण्याची ताकद पुष्कळ सावरली. संस्थेत राहिलेल्या अनेक मुलांत एक लक्षण दिसलं: कुणीही अनोळखी माणूस आला की त्याला मिठी मारायची, त्याचा हात धरून निघायचं. मिशन ट्रिपहून परतलेला प्रत्येक जण साक्षीत हेच सांगतो. मुलं किती प्रेमळ, पहिल्या मिनिटाला मांडीवर चढली! ते प्रेम नव्हे. एकाही माणसावर भरवसा ठेवायची सवय लागली नाही, म्हणून प्रत्येकावर झडप घालणं आहे ते, आणि दर शनिवारी विमानतळावर निघून जाणारी प्रत्येक तुकडी त्याला हातभार लावते. बुखारेस्टच्या अभ्यासात गंभीर जन्मजात आजार असलेली मुलं घेतलीच नव्हती, हेही लक्षात घ्या. धडधाकट बाळांचं हे होत असेल तर स्वतःहून कुशीवर वळता न येणाऱ्याचं काय?

(पुण्या-मुंबईच्या वाचकांनी इथे फार मान डोलावू नये. मुलाचा वाढदिवस मतिमंद मुलांच्या शाळेत केक कापून साजरा करणं आणि त्याचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हे त्याच जातीचं काम आहे. आपण फक्त विमानाचं भाडं वाचवतो.)

तिसरा प्रतिवाद जरा चतुर आहे. ठीक आहे, मुलांना फार उपयोग होत नसेल, पण जाणारा बदलतो. तो पुढे आयुष्यभर देतो, गरिबांची कणव बाळगतो. या दाव्याची परीक्षा झालेली आहे, आणि तीही ख्रिस्ती माणसानेच घेतली. केल्विन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक होंडुरासमध्ये राहत होते. 1998च्या मिच चक्रीवादळानंतर तिथे उत्तर अमेरिकेतल्या चर्चच्या तुकड्यांनी घरं बांधली. प्रवास धरून एका घरामागे तुकडीचा खर्च सुमारे 30,000 डॉलर, स्थानिक संस्थेने बांधलेल्या तशाच घराचा 2,000. घर मिळालेल्या कुटुंबांना घर कुणी बांधलं याने काही फरक पडलेला दिसला नाही. आणि परतलेल्यांचा दानधर्म वाढला का? 2006 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: फारसं नाही. माणसं सांगत होती की आम्ही पार बदललो, पण देणगीच्या नोंदी तसं म्हणत नव्हत्या.

समजा, निकाल उलटा लागला असता. समजा, जाणारा खरोखरच संत होऊन परतत असता. तरीही माझा आक्षेप तिळभर कमी होणार नाही. कुणाच्या तरी आत्मिक वाढीसाठी अपंग मुलाचं शरीर सरावाला द्यायचं, हे कुठल्या धर्मशास्त्रात बसतं? इव्हान इलिच हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू. मेक्सिकोतल्या कुएर्नवाका इथे 1968 मध्ये सेवेला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर त्यांनी भाषण केलं आणि तोंडावर सांगितलं की तुम्ही परत जा. त्याला पन्नासहून अधिक वर्षं उलटली. भाषण अभ्यासक्रमात लागलं आणि विमानं भरलेलीच राहिली.

मग येतो शेवटचा, सगळ्यात आदराने मांडला जाणारा प्रतिवाद: पण येशूने आंधळ्या-पांगळ्यांना हात लावला. लावला की! मार्काच्या शुभवर्तमानात यरीहोच्या रस्त्यावर बसलेला बार्तीमय हाका मारतो तेव्हा येशू त्याला जवळ बोलावतो आणि आधी विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. आंधळ्याला काय हवं असणार हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. तरी विचारतो, आणि त्याचं उत्तर ऐकून घेतो. हस्तकलेचं सामान आधी भरून मग निघणाऱ्यांनी ही गोष्ट कितीदा ऐकली असेल.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांसाठी घर काढलं त्याला याच बार्तीमयाचं नाव दिलं, आणि त्यांची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली तेव्हा तिथलं शिकवणं सुरू झालं. आधी शिकणं, मग शिकवणं. 1900 साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. दादरची अंधशाळा ती हीच, आजही चालू आहे. या बायका परदेशी होत्या की देशी, हा भेद मला इथे गौण वाटतो. त्या राहिल्या. मुलांची भाषा त्यांना येत होती, पुढच्या वर्षी त्या मुलाचं काय झालं हे त्यांना पाहावं लागत होतं. त्यांच्यावर टीका करायला इतिहासकारांना भरपूर जागा आहे, करावीही. पण आठ दिवसांच्या तुकडीने त्यांचा वारसा सांगू नये.

‘मग जाऊच नका, पैसे पाठवा’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. आंधळेपणाने पाठवलेला पैसा त्याच खाटा वाढवतो. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने 2017 मध्ये आधुनिक गुलामगिरीची चौकशी केली तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची ने-आण तिच्यात धरली. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावात अनाथालयांच्या पर्यटनाचा उल्लेख आला. रुमेनियाने दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवायला 2004च्या कायद्याने बंदी घातली, गंभीर अपंगत्व असलेल्यांचा अपवाद ठेवून. तो अपवाद वाचताना पोटात कालवतं: सुधारणा होतानाही हीच मुलं रांगेत शेवटी.

जाण्यासारखं काम आहे. जोनी एरेक्सन टाडा यांना 1967 मध्ये, सतराव्या वर्षी, पाण्यात सूर मारताना मानेला इजा झाली आणि हातपाय कायमचे गेले. त्यांच्या ‘जोनी अँड फ्रेंड्स’ संस्थेतर्फे जुन्या व्हीलचेअर अमेरिकेतल्या तुरुंगांत कैदी दुरुस्त करतात, आणि त्या घेऊन जाणाऱ्या तुकड्यांत फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात, जे प्रत्येक खुर्ची समोरच्या माणसाच्या मापाने जुळवतात. त्यांच्या धर्मशास्त्राशी माझं सगळं जमतं असं नाही. पण तिथे खुर्चीवर बसणं म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या बाईने काम आखलं, हे दिसतं. फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, खुर्ची दुरुस्त करणारा मेकॅनिक, अपंग मुलाची अनुभवी आई, यांनी जावं. थोड्यांनी जावं, वारंवार जावं, त्याच ठिकाणी जावं, आणि मुलाला हात लावण्याऐवजी तिथे रोज हात लावणाऱ्या बायकांना शिकवावं, त्यांच्याकडून शिकावं. वीस मुलांमागे दोन बायका असतील तर तिसरीचा पगार द्यावा. त्या पगाराला टी-शर्ट लागत नाही.

ज्याच्याकडे यांतलं काहीच नाही, फक्त ओढ आहे, त्याची तयारी घरी होते. आपल्या गावातल्या त्या पंधरा मिनिटांवरच्या केंद्रात वर्षभर दर शनिवारी जावं, सगळ्या तपासण्यांतून पार पडावं, भरवायला शिकावं, डायपर बदलायला शिकावं. तिथे ज्याला वर्ष काढता येत नाही त्याला जमैकात आठवडा काढायला पाठवू नये. मिशन ट्रिपसाठी निवड करणाऱ्या समित्यांनी हा एकच नियम लावला तर तुकड्या आपोआप लहान होतील. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतली तरुण मुलंही आता या तुकड्यांत असतात. त्यांच्या आईवडिलांनी निदान हे विचारावं की त्या संस्थेतली मुलं घरी परत जावीत म्हणून ती संस्था काय करते. उत्तर चाचरत आलं तर पैसे परत मागावेत.

जमैकाचं नाव घेतलं ते एका कारणाने. फादर ग्रेगरी रामकिसून यांनी 1978 मध्ये किंग्स्टनमध्ये टाकून दिलेल्या अपंग मुलांसाठी ‘मस्टर्ड सीड कम्युनिटीज’ सुरू केली. अमेरिकन पॅरिशमधून तिथे सतत तुकड्या जातात. ती मुलं मोठी झाली, अठरा ओलांडली, आणि त्यांना ठेवायला कुठे जागाच नाही असं झालं, तेव्हा संस्थेला सेंट ॲन परगण्यात मनीग इथे प्रौढांसाठी ‘जेकब्स लॅडर’ उभारावं लागलं. अपंग मूल प्रौढ होतं, त्याला दाढी येते, ते जड होतं, त्याला उचलायला दोन माणसं लागतात, त्याच्याबरोबरचा फोटो गोंडस येत नाही. मिशन ट्रिपच्या माहितीपत्रकावर मी आजवर पस्तिशीचा अपंग पुरुष पाहिलेला नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या ट्रिपची नावनोंदणी सुरू होईल तेव्हा चर्चच्या समितीने त्या पुरुषाचा फोटो माहितीपत्रकावर छापावा, त्याच्या आंघोळीला आणि लंगोटाला कोण तयार आहे ते विचारावं, आणि जेवढे हात वर येतील तेवढीच तिकिटं काढावीत.